चाच्याच्या कुऱ्हाडीचा आवाज

"घ्या वहिनी, पहिला घाव तुमचा!" ह्यांच्या साहेबांनी कंट्रोलर माझ्या हातात कोंबला.

मी मेली मोबाइलवरचा पत्त्यांचा डावसुद्धा कधी जिंकलेली नाही. पण आमच्या ह्यांच्या कंपनीचा नवा व्हिडिओगेम आज ऑफिसात सगळ्यांच्या घरच्या माणसांना दाखवत होते, आणि त्यातले सगळे आवाज ह्यांनी तयार केलेले. नाही कसं म्हणणार?

पडद्यावर जुन्या काळचं जहाज. मी समुद्री चाचा. हातात जहाजी कुऱ्हाड, एकीकडे पातं, दुसरीकडे अणकुचीदार टोक. दोर तोडला, खाट्! दार फोडलं, धाड्!

"हे आपलं जुनं कपाट बरं का," हे कानात पुटपुटले. मला हसू फुटलं. डोकं फुटल्याचा आवाज काढायला कोबी फोडतात, तेही मला ठाऊक होतं. आठवडाभर घरात दुसरी भाजी नसायची.

समोर एक खलाशी आला. मी बटण दाबलं. कुऱ्हाड त्याच्या हातावर बसली आणि तो ओरडला.

हा आवाज माझ्या ओळखीचा होता.

गेलं वर्षभर हे झोपेत अस्सेच ओरडतात आणि मी हलवून उठवते. डाव्या हाताची दोन बोटं गेली तेव्हापासून. गाडीच्या दारात सापडली, असं मला सांगितलं होतं.

"अहो, हे... हे तुम्ही ओरडताय!"

साहेबच खुशीत म्हणाले, "मग काय! लाकूड फोडताना कुऱ्हाड निसटली, तेव्हा रेकॉर्डिंग चालूच होतं. सगळ्यांना हाच घाव आवडतो."

"लाजा नाही वाटत? काढून टाका ते. आत्ताच्या आत्ता!"

साहेबांचा चेहरा उतरला. "वहिनी, मी काढणारच होतो. ह्यांनीच ठेवायला लावलं."

मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. हा माणूस माझ्याच घरात राहतो?

"का हो?"

"कितीतरी जणांकडून ओरडून घेतलं गं," हे हळूच म्हणाले. "सगळी नाटकं वाटत होती. बोटं तर गेलीच होती. निदान आवाज तरी वाया जायला नको."

कुणाच्या तरी बायकोने "आता मी, आता मी" करत माझ्या हातातून कंट्रोलर घेतला. खलाशी पुन्हा ओरडला. मी कान गच्च दाबून धरले. हे मात्र मान तिरकी करून ऐकत होते.

"साहेब," हे म्हणाले, "शेवट कापला जातोय. पूर्ण वाजू द्या."