दोन हिरवी फाटकं

आमच्या गल्लीत अर्ध्या घरांचा कुळसंत एकच, निकोला. त्याच्या दिवसाला आम्ही स्लावा म्हणतो. त्या दिवशी अख्खी गल्ली तळलेल्या माशाने घमघमते. अशा सकाळी माझा भाडेकरू एरो, फिनलंडचा इंजिनियर, इस्त्रीचा शर्ट घालून, बगलेत वाइनची बाटली धरून जिन्यात उभा.

"तोझाकाका, दुन्याच्या वडिलांनी मला बोलावलंच नाही. जाऊ का?"

"अरे वेड्या, स्लावाला कोणी कुणाला बोलावत नाही. ज्याला यायचं तो येतो, घरधनी विचारतसुद्धा नाही कोण, कुठला. पण तू गेला नाहीस ना, तर तिचा बाप रादिसाव म्हणेल, या पोराला माझं घर जड झालं. मग दुन्याला विसर."

पोरगा मुळातच पांढरा, तो आणखी पांढरा पडला. "घर कुठलं?"

आता बघा, शेजारी शेजारी दोन हिरवी फाटकं. डावं रादिसावचं, उजवं ल्युबिशाचं. कुंपण हातभर इकडे की तिकडे, यावरून दोघांचं बोलणं बंद. एकमेकांच्या कोंबड्यांनाही ओळख देत नाहीत. "उजवं," मी म्हटलं, आणि टोपी घालून मागोमाग निघालो. अशी मजा घरी बसून थोडीच दिसते?

ल्युबिशाने दारातच एरोचे तीन मुके घेतले. कोण, कुठला, अवाक्षर नाही. त्याची बायको नादा गोड गव्हाचं वाडगं घेऊन आली. यातला चमचाभर घ्यायचा आणि वाडगं पुढच्याला जाऊ द्यायचं. एरोने ते मांडीवर घेतलं आणि सावकाश, सभ्यपणे, तळ दिसेपर्यंत खाल्लं. मागचे पाहुणे बघत राहिले. नादा गुपचूप आत गेली आणि पुन्हा गहू शिजत टाकला.

मग राकिया, म्हणजे आमची फळांची कडक दारू, मग सूप, मग कार्प मासा. एरोच्या आईने त्याला ताटात काही टाकायचं नाही असं शिकवलेलं. इथे रिकामं ताट दिसलं की यजमानाला लाज वाटते, तो भरतो. एरो रिकामं करतोय, ल्युबिशा भरतोय. दोघंही घामाघूम.

"काका, दुन्या कुठाय?" एरो माझ्या कानात.

"आत असेल. लाजते."

शेवटी तो उठला आणि पाठ केलेलं म्हणाला, "मालक, मला तुमची मुलगी आवडते. लग्न करायचंय."

ल्युबिशाला दोन मुलगे, दोघंही मिशीवाले, समोरच बसलेले.

"यातली कुठली?" ल्युबिशा म्हणाला.

"दुन्या."

ल्युबिशाचा चेहरा असा खुलला की काय सांगू. शेजाऱ्याशी बोलायचं नाही, म्हणून खिडकी उघडून त्याने गल्लीलाच सांगितलं, "ऐका हो, शेजारच्यांचा जावई आमच्याकडे जेवतोय. पोट भरलं की पाठवतो."

"काका, घर चुकलं का?" एरोने माझी बाही धरली.

"थोडंसं. चल."

डाव्या फाटकातून आत गेलो तर रादिसाव टेबलाच्या टोकाला दगडासारखा. दुन्या मला डोळ्यांनीच भाजतेय.

"तिकडे मासा किती खाल्ला?" रादिसावने विचारलं.

"तीन तुकडे," एरो म्हणाला. खोटं बोलायचं त्याला येतच नाही.

"पाच," खिडकीतून ल्युबिशाचा आवाज. बोलणं बंद होतं ना?

"मग इथे सहा," रादिसाव म्हणाला.

एरोने दुन्याकडे पाहिलं. तिने माशाची परात त्याच्यापुढे सरकवली. पोराने पट्टा सैल केला आणि भिडला. चौथ्याला डोळ्यांत पाणी. पाचव्याला तो त्या माशासारखाच दिसायला लागला, तरी काटा-चमचा खाली ठेवेना. शेवटी रादिसावनेच त्याच्या हातातून काढून घेतला.

"पुरे. उरलेला लग्नात खा."

एरोने मान वर केली. "कधी?"

रादिसावने बायकोकडे पाहिलं, बायकोने दुन्याकडे. दुन्या म्हणाली, "आधी तोझाकाकांनी सांगावं, याला रस्ता कोणी दाखवला."

मी घाईघाईने तो सहावा तुकडा तोंडात कोंबला. कार्पचे काटे फार बारीक. खाताना बोलू नये माणसाने.