फळीवर राहिलेली काळी काच

मित्रांनो, मला पाहून तुम्ही नाक मुरडाल, हे मला ठाऊक आहे. निम्म्या काडेपेटीएवढी काळी काच, तिच्याभोवती प्लास्टिकची चौकट आणि चौकटीच्या एका कोपऱ्याचा टवका उडालेला. मोडक्या गॉगलचा तुकडा समजून एकदा तर मला केराच्या टोपलीत टाकलं होतं. तसं म्हटलं तर मी गॉगलच आहे, फक्त माणसाचा नव्हे, कॅमेऱ्याचा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे बाकीच्या काचा जितक्या लख्ख, तितकं त्यांचं कौतुक. माझ्यावर मात्र काळा थर चढवला गेला. तपासणाऱ्या बाईंनी मला दिव्यासमोर धरलं आणि त्या म्हणाल्या, "हं, ही छान काळी झालीय." लख्ख काचा माझ्याकडे बघून हसल्या असतील. हसोत बापड्या. बर्फावर त्यांचा काय पाड लागणार होता?

मला विकत घेतलं ते एका परिचारिकेने. तिचे बाबा मुलांना स्कीइंग शिकवायचे. स्की म्हणजे पायांना बांधायच्या लांब पट्ट्या; त्या घालून बर्फाच्या उतारावरून घसरत खाली यायचं. सुट्टी मिळाली की बाप-लेक दोघं डोंगरावर जायची. तिच्या हेल्मेटवर एक छोटा कॅमेरा असायचा. बिचारा जुना होता, काय टिपलं ते दाखवायला त्याला पडदाही नव्हता. घरी येऊन बघावं तर बर्फाच्या जागी नुसता पांढरा रंग! ना उंचवटा, ना खळगा. बर्फावर ऊन पडलं की इतका उजेड परत उसळतो की कॅमेऱ्याचे डोळे दिपतात.

मग मी आले. तिने कॅमेऱ्यात उजेड किती घ्यायचा ते माझ्या हिशोबाने कायमचं पक्कं करून टाकलं. जास्तीचा उजेड मी अडवायचा आणि उरलेला कॅमेऱ्याने टिपायचा, असं आमचं ठरलेलं. माझ्या आडून टिपलेलं पहिलं चित्रण बघताना बाबा खुर्चीतून उठलेच.

"अगं, माझी रेघ दिसतेय बघ! आणि ही शेजारची वेडीवाकडी तुझी."

"वेडीवाकडी काय म्हणता, बाबा! वळणदार म्हणा."

स्की गेल्यावर बर्फात जी रेघ उरते, ती बाबांना हस्ताक्षरासारखी वाचता यायची. कुठे वजन चुकलं, कुठे भीती वाटली, सगळं ते रेघेवरून सांगत. दोघं नेहमी जोडीने उतरत, बाबा तिच्या उजव्या हाताला. पायथ्याशी पोचलं की मागे वळून वर बघायचं, हा त्यांचा नेम होता. वर दोन रेघा शेजारी शेजारी दिसत. रात्रीतून बर्फ पडून त्या पुसल्या जात, पण माझ्यामुळे घरात टिकून राहत. त्या दिवसांत मला कोण भाव होता, मित्रांनो! दर खेपेला मऊ फडक्याने पुसून मला डबीत ठेवलं जाई.

पुढे बाबांच्या गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "शस्त्रक्रियेआधी एकदा काय ते उतरून घ्या. नंतर स्कीचं नाव काढायचं नाही." म्हणून तो एक दिवस ठरला. दोघांची शेवटची जोडीची उतरण टिपायची होती.

आदल्या दिवशी खालच्या खोलीत बाबा स्कीला मेण लावत बसले होते. खोलीत उजेड कमी होता. त्यांचे मेण चोळणारे हात टिपावेत म्हणून मुलीने मला काढून फळीवर ठेवलं. ते बरोबरच होतं. अंधाऱ्या खोलीत माझं काय काम? पण सकाळी निघताना बाबांनी विचारलं, "काच घेतलीस का?"

तिने खिडकीबाहेर पाहिलं. "आज कुठलं आलंय ऊन! आभाळ गच्च भरलंय. काच लावली तर सगळं काळंकुट्ट येईल."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलंसुद्धा. मग दार लागलं. मला हाक मारता येत नाही, याचं दुःख मला त्या दिवशी झालं तेवढं कधी झालं नाही. थोड्या वेळाने खिडकीतून उन्हाची तिरीप आली आणि सरकत सरकत माझ्यापर्यंत पोचली. मेणाचा डबा आणि मी, आम्ही दोघंच होतो.

संध्याकाळी ती दोघं त्याच खोलीत हीटरजवळ बसली. तिने लॅपटॉप उघडला. पडदा पांढरा होता. ती चित्रण पुढे पुढे नेत राहिली, पांढरंच. मध्येच बाबांचं निळं जाकीट तरंगत जायचं, खाली पाय नाहीत, बर्फ नाही, रेघ नाही. पायथ्याशी पोचून तिने मागे वळून पाहिलं होतं, तिथेही कोरा पांढरा रंग. तिने उजेड कमी करून पाहिला. पांढऱ्याचा राखाडी झाला, बस. जे टिपलंच गेलं नाही ते आणणार कुठून?

"माझ्यामुळे झालं, बाबा," ती रडायला लागली. "विचारलं होतंत तुम्ही."

"थांब, बंद करू नकोस. आवाज मोठा कर."

बाबांनी डोळे मिटले. पांढऱ्या पडद्यातून स्कीची खरखर यायला लागली. "हे पहिलं वळण... इथे कडक बर्फ होता, ऐक... इथे तू मला मागे टाकलंस. आणि ही माझी धाप." ते हसले. "म्हातारा भलताच दमला होता की!"

मुलगीही रडता रडता हसली. फळीवरच्या माझ्याकडे तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं.

शस्त्रक्रिया झाली. बाबा काठी घेऊन चालू लागले, त्यांच्या स्की माळ्यावर गेल्या. एका रविवारी मुलगी मला घेऊन एकटीच डोंगरावर गेली. लख्ख ऊन होतं. मी जीव ओतून काम केलं. बर्फाचा कण न् कण वेगळा दिसत होता. तिने पायथ्याशी पोचून नेमाप्रमाणे मागे वळून पाहिलं आणि बराच वेळ मान खाली केली नाही. वर एकच रेघ होती.

घरी तिने तीच जागा पडद्यावर थांबवली. मी कॅमेऱ्यावर, टेबलावरच होते. बाबांनी चष्मा लावून निरखून पाहिलं.

"उजव्या वळणाला अजून घाई करतेस."

"हो, बाबा."

मग त्यांनी बोट उचललं आणि पडद्यावर वरपासून खालपर्यंत, तिच्या रेघेच्या शेजारून, सावकाश ओढत आणलं. अगदी प्रत्येक वळण घेत. बोटाला मेणासारखं काहीतरी लागलेलं असावं. पडद्याच्या काचेवर पुसट माग उमटला.

"मी इथे असायचो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासाठीचं मऊ फडकं काढलं, मला पुसलं, कॅमेरा पुसला, लॅपटॉपची कडा पुसली. पडद्याला मात्र हात लावला नाही.

आता कॅमेरा कायमचा बिघडला आहे आणि मी डबीत असते. डबीत फार एकटं वाटतं, खोटं कशाला सांगू? तुमच्या घरातही माझ्यासारखं काहीतरी फळीवर पडलेलं असेल. आज काय त्याची गरज, असं म्हणून तुम्ही दार लावून घ्याल. मित्रांनो, तेवढं एक पाऊल मागे या आणि आम्हाला खिशात टाका. आमचं वजन फार नसतं. आणि शेजारून उतरणारं माणूस पुन्हा उतरेलच असं नसतं.