काखेतला हातमोजा

शेवटच्या होलवर गोल्फचा सामना बरोबरीत होता. शीनासमोर एली होती, स्कॉटलंडमधल्या फाइफच्या त्या किनाऱ्यावरच्या क्लबची तीन वर्षांची विजेती. प्रेक्षकांच्या दोरीपलीकडे शीनाचे वडील हेक्टर खाऱ्या वाऱ्यात दगडासारखे उभे होते.

सात वर्षं त्यांनी तिच्याकडून एकच घोकून घेतलं होतं. "स्टिक खाली आणताना हातांनी हाणू नकोस गं बये! आधी कंबर वळू दे, हात मागून येतील." सरावात ते तिला काखेत जुना हातमोजा धरायला लावत. हात अंगापासून सुटले की तो पडायचा, आणि तो दर वेळी पडायचाच.

आता शीनाने कंबर वळवली. चेंडू वारा कापत गेला आणि झेंड्याला खेटून थांबला. लोक ओरडले, एलीचा चेहरा उतरला.

शीना हात उंचावणार, तोच काखेत काहीतरी जाणवलं. सवयीने तिने मोजा तिथेच धरला होता! सामन्यात सरावाचं असं साधन वापरलं की नियमाने होल गेलाच, आणि या होलबरोबर सामनाही. पाहिलं मात्र कुणीच नव्हतं.

तिने हात उचलला. मोजा गवतावर पडला.

"एली, जिंकलीस तू."

हेक्टरनी येऊन मोजा उचलला.

"गाढवे," तो तिच्या हातात ठेवत ते म्हणाले, "आज पहिल्यांदाच फटक्यात पडला नाही बघ."