खोलीच्या बरोब्बर मधोमध

"वीस हर्ट्झ! माणसाचा कान जिथे संपतो ना, तिथपर्यंत खाली जातो माझा बेस," दादा म्हणाला आणि फ्रिजएवढ्या स्पीकरच्या खोक्यावर त्याने थाप मारली. "हा लावला की आईला बाबा नुसते ऐकू येणार नाहीत, शेजारी येऊन बसल्यासारखे वाटतील."

थाप बसली तशी मागची फळी निखळून त्याच्या अंगठ्यावर पडली.

"हे किती हर्ट्झचं होतं?" वहिनीने विचारलं.

खरं तर हसण्यासारखं काही नव्हतं. सोमवारी आईच्या कानाचं ऑपरेशन होतं. तिचा एक कान दहा वर्षांपूर्वीच गेला, आता दुसऱ्यात गाठ. गाठ काढली की उरलंसुरलं ऐकणंही जाणार, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. त्या कानातही बारीक आवाज कधीच बंद झाले होते: दाराची बेल, फोनची रिंग, मी. जाडे आवाज तेवढे शिल्लक. कान इतका ठणकायचा की हेडफोनचं नावही काढायची सोय नव्हती.

आणि आमचे बाबा होते बेस गिटारवाले, म्हणजे गाण्यातला सगळ्यात जाडा आवाज त्यांचाच. तीस वर्षं ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत उभे. ते गेल्यावर त्यांचं एकच रेकॉर्डिंग घरात उरलं होतं, चार मिनिटांचं एक गाणं. ते कुठेही लावा, गायक ऐकू येतो, ड्रम ऐकू येतो, टाळ्या ऐकू येतात, कुणीतरी खोकलेलंही ऐकू येतं. बाबा तेवढे नाहीत. मोबाइलवर ऐकलं तर त्या दिवशी ते रजेवर होते की काय असं वाटावं. आईने एवढंच मागितलं होतं, "कान जायच्या आधी एकदा मला ह्यांचं वाजवणं ऐकव रे."

म्हणून हा स्पीकर बनवायला दादा तीन महिने खपला. तो पेशाने जमीन मोजणारा. भावाभावांची भांडणं टेपने मिटवण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. त्याने खोलीच्या चारी कोपऱ्यांतून तिरक्या दोऱ्या ताणल्या, जिथे दोऱ्या एकमेकींना छेदल्या तिथे खडूने फुली मारली आणि फुलीवर आईची खुर्ची ठेवली. "चारही भिंतींकडून आवाज सारखा आला पाहिजे. उगीच एका बाजूवर अन्याय नको."

रविवारी सकाळी दहाला आई इस्त्रीचे कपडे घालून, पावडर लावून खुर्चीत बसली. दादाने गाणं सुरू केलं. शोकेसच्या काचा थरथरल्या. आजोबांचा फोटो भिंतीवर तिरका झाला. टेबलावरचे पेले एकेक करून कडेला निघाले, ते मी धावत जाऊन पकडले.

आई मांडीवर हात ठेवून शांत बसली होती. दोन मिनिटांनी म्हणाली, "अरे, लाव ना आता."

दादाने बटण फिरवलं. आईने सगळ्यांकडे पाहिलं. दादाने बटण आणखी फिरवलं, मग अगदी शेवटपर्यंत नेलं.

दार धाडकन उघडलं. वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे, तिथले डॉक्टर आत आले. मास्क हनुवटीवर, हातात चिमटा. "काय चाललंय काय? मी हात लावायच्या आत पेशंटचा दात हलायला लागला! त्या बाई उठून पळायच्या बेतात आहेत!"

"या डॉक्टर, बसा," आई हसून म्हणाली. "आता सुरूच करतोय हा."

दादाचा चेहरा पडला. त्याने आईला हाताला धरून उठवलं आणि स्वतः खुर्चीत बसला. बसला आणि तसाच राहिला. मग उठून भिंतीपाशी गेला, परत आला, परत गेला. न राहवून डॉक्टरही बसून आले. "इथे तर काहीच नाही की हो!"

"भिंतींवर आपटून आवाज उलटा येतो," दादा खाली फुलीकडे बघत म्हणाला. "येणारा आणि जाणारा नेमके मधोमध एकमेकांना खाऊन टाकतात. पुस्तकात होतं हे. मला वाटलं, मोठ्या हॉलबद्दल असेल."

अख्ख्या खोलीत बाबा ऐकू न येणारी एकच जागा होती, आणि ती त्याने दोरी ताणून शोधून काढली होती.

"मग कोपऱ्यात बसवा ना त्यांना!" वहिनी म्हणाली. "मघाशी कपाटामागे झाडू घ्यायला गेले तर माझ्या पोटात घुमलं."

आम्ही चपलांचा रॅक ओढून बाजूला केला आणि दोन भिंतींच्या बेचक्यात स्टूल टाकलं.

"मला कोपऱ्यात का बसवताय? मी काय केलंय?" आई म्हणाली, पण बसली. दादाने घाईघाईने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

पहिल्याच ओळीला आईने एक तळहात भिंतीवर टेकला, दुसरा छातीवर.

"आले," ती म्हणाली.

मग बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, "घाई बघ कशी चाललीय! गायक तोंड उघडतोय तोवर हे निघाले पण! किती वेळा सांगितलं ह्यांना!" तिचा पाय ठेका धरायला लागला. वहिनी माझा दंड घट्ट धरून उभी होती. डॉक्टरांना वर पेशंट आहे याचा विसर पडला. दादा आईकडे बघत होता, आम्ही सगळेच आईकडे बघत होतो. बटण शेवटावरच होतं, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

दुसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला खोक्यातून जळका वास आला, मग धूर आला, आणि बाबा थांबले. लहान स्पीकरमधून गायक पुढे गात राहिला. तो आईला ऐकू येत नव्हता. ती भिंतीवर हात ठेवून वाट बघत होती.

खोक्यातला जाड्या आवाजाचा स्पीकर, म्हणजे वूफर, नवा यायला तीन आठवडे लागतील, असं दुकानदाराने फोनवर सांगितलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी आठला होतं.