उजवे खाली, डावे वर

मी एक जुनी शिडी आहे. किती जुनी ते विचारू नका. वय विचारलं की माणसंसुद्धा खोटं सांगतात, मग मी तरी खरं का सांगू?

मित्रांनो, तुम्ही माणसाला समोरून पाहता, म्हणून तुम्हाला तो बरा वाटतो. मी त्याला खालून पाहिलं आहे. टाचांच्या भेगा पाहिल्या, पॅंटची ठिगळं पाहिली, आणि वर चढल्यावर आपल्याला कुणी बघत नाही असं वाटून त्याने केलेली तोंडंही पाहिली. तेव्हा माझ्या बोलण्यात माणसांविषयी फारसा आदर सापडणार नाही. शोधायला जाऊ नका.

सुताराने मला एका रंगाऱ्यासाठी केलं होतं. रंगारी आला, चढून बघितलं, "बुटकी आहे" म्हणाला आणि निघून गेला. त्यानंतर आला बुटांचा व्यापारी. तेव्हा तो तरुण होता आणि नवीनच दुकान टाकत होता. त्याने मला गदगदा हलवलं, नखाने खरवडलं, नाक मुरडलं आणि "घेतो, चालवून घेईन" म्हणाला. चांगली वस्तू हाती आली की नाक मुरडायचं ही त्याची सवय आहे, हे मला पुढे कळलं. स्वतःच्या मुलांच्या बाबतीतही त्याने ती सोडली नाही.

त्याचं दुकान लांबट आणि अंधारं होतं. दोन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या होत्या, मध्ये एक बाक आणि पाय ठेवायला उतरता पाट. मागच्या कोपऱ्यात छताला झडप, आणि झडपेच्या वर पोटमाळा. मी त्या झडपेला टेकून उभी असे. माझं खालचं टोक दुकानात आणि वरचं पोटमाळ्यात.

आता या शेठची अक्कल ऐका. बुटांच्या दुकानात चोरी होते, हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं. त्यावर त्याने उपाय काढला. प्रत्येक जोडातला उजवा बूट खाली फळीवर आणि डावा वर पोटमाळ्यात. गिऱ्हाईक खाली उजवा घालून बघणार, बसला की शेठ झडपेतून वरच्या नोकराला हाक मारणार, मग वरून डावा माझ्यावरून उतरणार. "चोराला दोन पाय असतात," तो म्हणायचा, "एका बुटाचं तो काय करणार?" गल्लीत त्याला एकबुट्या म्हणू लागले. पण त्याच्या दुकानातून एकही जोड चोरीला गेला नाही, आणि तो श्रीमंत झाला. मी दिवसभर राबत होते. "ही शिडी आहे म्हणून दुकान आहे," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. माझं कौतुक झालं ते तेवढंच. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मुलं मोठी झाली तशी शेठने त्यांची जागा ठरवली. थोरला खाली गल्ल्यापाशी, धाकटा वर डाव्या बुटांत. मधली ताई हिशेबाला. मग एकदा माझ्यापाशी उभं राहून तो थोरल्याच्या कानात म्हणाला, "वरच्यावर लक्ष ठेव." दुसऱ्या दिवशी अर्ध्या पायऱ्या चढून धाकट्याला म्हणाला, "खालच्यावर लक्ष ठेव." आणि ताईला काय सांगितलं असेल? "दोघांवर लक्ष ठेव." तिघांनाही वाटलं, बाबांचा विश्वास आपल्या एकट्यावर आहे. तिघंही मन लावून लक्ष ठेवू लागली. एकमेकांशी हसणं बोलणं हळूहळू बंद झालं, कारण पहारेकरी कैद्याशी गप्पा मारत नाही. माझं स्पष्ट मत आहे की या माणसाने बुटांचे जोड जसे सांभाळले, तशीच मुलंही सांभाळली. म्हणजे एक इथे आणि एक तिथे.

मग त्याचे गुडघे गेले. माझ्यावर चढताना तो कण्हू लागला. एका दुपारी त्याने दुकानाचं शटर अर्धं ओढलं, तिघांना बाकावर बसवलं आणि वाटणी सांगितली. चेहऱ्यावर असं तेज, जसं काही जगातलं मोठं कोडंच सुटलं होतं.

"दुकान थोरल्याला, उजव्या मालासकट. पोटमाळा धाकट्याला, डाव्या मालासकट. त्याला मागच्या गल्लीतून जिना आहेच. घर ताईला. आणि विक्री होईल त्यातला तिसरा हिस्सा दर महिन्याला तिच्या हातात."

थोरल्याने एकदा फळ्यांवरच्या बुटांकडे, एकदा झडपेकडे पाहिलं. मग थोरला म्हणाला, "म्हणजे मी उजवेच विकायचे?"

"हेच तर!" शेठने मांडीवर थाप मारली. "एकट्याला विकताच येणार नाही. तुला त्याची गरज, त्याला तुझी. रोज बोलावं लागेल. मी मेलो तरी तुम्ही वेगळे होऊ शकणार नाही."

"आणि यांनी विकलंच नाही तर?" ताईने विचारलं. "मी काय भिंती चाटू?"

"पोटाला चिमटा बसला की सगळे शहाणे होतात."

"बाबा, तुमच्यासाठी काय ठेवलंत?"

"मला काय करायचंय? राहीन तुझ्याकडे. सकाळी इथे येईन, दारात खुर्ची टाकेन, आणि माझी दोन मुलं मिळून एक जोड विकताना बघत बसेन. बास, एवढंच हवंय मला."

खरोखर, मित्रांनो, त्याला तेवढंच हवं होतं. त्यासाठी त्याने अंगावरच्या कपड्यांखेरीज सगळं देऊन टाकलं. सह्या झाल्या. खुर्चीसुद्धा थोरल्याच्या यादीत गेली. मी मात्र कुणाच्याच यादीत आले नाही. एक टोक एकाकडे, एक दुसऱ्याकडे, तेव्हा शेठ मला विसरला की त्याला सुचलंच नाही, देव जाणे. ज्या शिडीवर दुकान उभं होतं म्हणे, ती बेवारशी ठरली.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते टपालवाला. दिवसभर चालणारा माणूस, त्याला घट्ट शिवणीचे बूट हवे होते. उजवा पायात छान बसला. शेठ दारातल्या खुर्चीत पुढे सरकून बसला. थोरल्याने झडपेतून नंबर सांगितला.

वरून आवाज आला, "आधी डाव्याचा भाव ठरव."

"जोडाचा भाव आहे तोच. निम्मा तुझा."

"निम्मा का? डाव्याशिवाय तुझा उजवा कुणी घेईल का?"

"अरे, बूट विकला जातो तो उजव्यावर. घालून बघतो तो उजवा. तुझा डावा नुसता सोबत येतो."

"मग वीक ना एकच."

टपालवाला एका पायात नवा बूट आणि दुसरा पाय उघडा, असा उभा. त्याने दोघांचं बोलणं ऐकलं, मग खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याने मान फिरवली. टपालवाल्याने बूट काढून पाटावर ठेवला आणि आपले जुने घालून गेला. त्या दुकानात त्या दिवशी तो एकच शहाणा माणूस आला होता.

असं रोज चाललं. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायचा, हे त्या दोघांना इतकं छान जमलं की नाकं संपली असती तर त्यांनी कान काढले असते. शेवटी थोरल्याने मला जरा खाली ओढून झडप लावली आणि खालून तिला खिळे ठोकले. ठोकाठोक ऐकून धाकट्याने वरून झडपेवर ट्रंक आणून ठेवली. दोघांनाही वाटलं, आपणच दुसऱ्याला कोंडलं.

"उद्या काढतील खिळे," शेठ शेजाऱ्यांना सांगायचा.

तसे दिवस गेले. खिळ्यांवर गंज चढला. मी जिथे पोचत होते तिथे आता काहीच नव्हतं. थोरल्याने माझ्या पायऱ्यांवर फडकी वाळत घातली.

एका सकाळी म्हातारा खुर्चीतून उठला, माझ्यापाशी आला आणि चढू लागला. गुडघे कुरकुरत होते, त्याचे आणि माझेही. थोरला गल्ल्यापाशी बसून होता. त्याने मला धरलं नाही. शेठने वर पोचून बंद झडपेवर थापा मारल्या.

"कोण?"

"मी रे."

"दादाने पाठवलं का?"

"कुणी नाही पाठवलं. माझा मी आलोय. उघड ना."

"मागच्या जिन्याने या, बाबा. इथून उघडलं तर त्याला वाटेल मी नमलो."

"तिथून आलो तर हा माझ्याशी बोलणार नाही."

"बघा बुवा तुमचं तुम्ही."

म्हातारा तसाच उभा राहिला. डोकं लाकडाला टेकलेलं आणि दोन्ही हातांनी मला धरलेलं. तिरस्कार करण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, पण त्या वेळी मला तो करता आला नाही. तेवढ्यात खालून थोरला म्हणाला, "उतरा आता जपून. शिडी कुणाच्याच वाट्याची नाही. पडलात तर दोष कुणी घ्यायचा?" आणि माझा तिरस्कार परत जागेवर आला.

त्यानंतर शेठ दुकानात आला नाही. थोरल्याने खुर्चीवर उजव्या बुटांची खोकी रचली.

मग आला भंगारवाला. सुटे बूट घेतो म्हणाला, चामड्याचे पट्टे कापायला. थोरल्याचे डोळे चमकले. कवडीमोल भाव ऐकूनसुद्धा चमकले. "घेऊन जा सगळे," तो म्हणाला. "उजवे गेले की त्याचे डावे जन्मभर तसेच पडतील. बसू दे बोंबलत." आणि तो हसला. त्याला हसताना मी कित्येक वर्षांनी पाहिलं. मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "ही पण ने. बाबांनी हिला कुणाच्या नावावर लावलीच नाही." म्हणून मीही हातगाडीवर चढले. आयुष्यात पहिल्यांदा आडवी झाले.

गाडी भंगाराच्या वखारीत गेली नाही. ती ताईच्या अंगणात गेली. तिथे डाव्या बुटांचा ढीग आधीच पडला होता.

"वरचाही हेच बोलला," भंगारवाला ताईला सांगत होता. "शब्दाला शब्द. आणि असाच हसला."

म्हातारा घराच्या पायरीवर बसला होता. दोन ढीग शेजारी शेजारी पाहून तो धडपडत उठला. "आले का दोघं?"

ताई खोटं बोलेल असं मला वाटलं होतं. ती बोलली नाही. "ते नाही आले, बाबा. त्यांचा माल आला. भंगारवाल्याला मीच पाठवलं होतं. त्यांनी मला तिसरा हिस्सा दिला नाही, मी तिन्ही घेतले."

शेठ परत खाली बसला. थोड्या वेळाने त्याने ढिगातून एक उजवा उचलला, दुसऱ्या ढिगात हात घातला आणि न बघता त्याचा डावा काढला. दोन्ही एकमेकांना लावून नाडीने बांधले. मग पुढचा जोड. ताईही शेजारी बसली. दोघं बराच वेळ जोड लावत होती, आणि मी भिंतीला टेकून बघत होते. बापलेक मिळून काम करताना मी त्या कुटुंबात पहिल्यांदाच पाहत होते.

"उद्या जाते आणि सांगते दोघांना," ताई म्हणाली. तिला ते सांगण्याची भारी हौस होती, आवाजातच कळत होती. "म्हणावं, बुडलात दोघं. तोंडावर सांगणार आहे."

म्हाताऱ्याने हातातली गाठ आवळली. "नको सांगूस."

"का? त्यांची बाजू घेताय अजून?"

"बाजू नाही गं. थोरल्याला वाटतंय धाकटा बुडाला. धाकट्याला वाटतंय थोरला बुडाला." त्याने जोड बाजूला ठेवला. "दोघं एकाच दिवशी खूश आहेत. हे मला आयुष्यात जमलं नव्हतं."

ताईने पुढचा बूट त्याच्या हातात दिला.

मित्रांनो, शिडीने गोष्ट संपवताना मला रंग द्या, वाळवी लागू देऊ नका, असं काहीतरी मागायचं असतं. मला वाळवी लागो नाहीतर आणखी काही, तुम्ही माझी काळजी करू नका. माझी विनंती वेगळी आहे. तुम्ही कधी त्या गल्लीत गेलात आणि रिकाम्या दुकानात बसलेला थोरला तुम्हाला दिसला, किंवा मागच्या जिन्यावर पाय सोडून बसलेला धाकटा दिसला, तर त्यांना खरं सांगू नका. त्यांची कीव म्हणून नाही, ती मला येत नाही. पण म्हातारा अजून त्या पायरीवर बसतो, आणि येणाऱ्या जाणाऱ्याने मुलांची चौकशी केली की म्हणतो, मजेत आहेत दोघंही.