पोटात काय ठिवून येऊ नको

गारखेड्याच्या बागेत रोज सकाळी साडेसहाला माऊलीतात्यांचा वर्ग भरायचा. वर्ग म्हणजे काय, तर सिमेंटच्या दोन बाकांवर बसलेले सात-आठ निवृत्त लोक आणि त्यांच्यासमोर उभे राहून पोटावर बोलणारे तात्या. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं कारकुनी केली, तेव्हा तिथं त्यांचं कुणी पाच मिनिटंही ऐकून घेतलं नव्हतं. ती सगळी कसर ते आता भरून काढत होते. घास नीट चावावा, गिळू नये. दुपारच्या जेवणात ताक हवं, त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड. ज्वारीची भाकरी, सोबत जवसाची चटणी. वरून चिमूटभर ओवा आणि शंभर पावलं. ऐकणारे माना डोलवायचे. बँकेतून निवृत्त झालेले कडुबा तर वहीत लिहून घ्यायचे, आणि ते पाहून तात्यांना अगदी भरून यायचं.

आता खरं सांगायचं तर यातलं एकही पथ्य तात्यांच्या हातून सलग आठ दिवस टिकलेलं नव्हतं. घास चावायला त्यांना सवड नसायची, कारण पुढचा घास वाट बघत असायचा. शतपावली सोफ्यापासून फ्रीजपर्यंत व्हायची. आणि वर्गाला निघण्याआधी पाऊण तास संडासात बसूनही त्यांना फारसं काही साधत नसे. कोठाच जड होता त्यांचा, जन्मापासून. ही गोष्ट फक्त दीपमालाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला माहीत होती, आणि सुदैवानं त्या वर्गाला येत नव्हत्या.

तर अशा या पोटतज्ज्ञाला मे महिन्यात सोयगावहून थोरल्या भावाचा, कारभारीदादांचा फोन आला. नऊ वर्षांनी.

"प्रेरणा आलीय लेकराला घेऊन," दादा म्हणाले. "काकाला बोलवा म्हणून बसलीय. रविवारी ये. मांडे करणारंय तुझी वहिनी." मग फोन ठेवता ठेवता म्हणाले, "ये, पण पोटात काय ठिवून येऊ नको."

फोन ठेवल्यावर तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दादानं बोलावलं होतं, तेही जेवायला! जेवायला बोलावण्याचं महत्त्व एवढ्यासाठी, की नऊ वर्षांपूर्वी दादानं भर मांडवात सांगितलं होतं, "माऊली, तुझं ताट माझ्या घरात आता पडायचं नाय." ते लग्न याच प्रेरणाचं, दादांच्या एकुलत्या एका मुलीचं. पंगत बसली होती. तात्या दोनदा पंगतीतून उठून मांडवामागं पळाले. परत आल्यावर नवरदेवाच्या मामानं विचारलं, काय झालं हो? तात्या म्हणाले, "तेल बरोबर वाटत नाही. पोटात गेल्या गेल्या ढवळलं." पोटातलं कळणारा माणूस म्हणून नातेवाइकांत त्यांचं तेव्हाही नाव होतं. बोलणं पंगतीतून सरकत गेलं आणि वऱ्हाडाच्या तीन रांगा भरल्या ताटांवरून उठल्या. दादा हात जोडत प्रत्येकापुढं उभे राहत होते. प्रेरणाला तर ते तेल सासरी दोन वर्षं ऐकावं लागलं.

आणि तेल चांगलं होतं. हे तात्यांना तेव्हाही ठाऊक होतं. लग्नात दोन्ही हातांनी जेवता यावं म्हणून त्या दिवशी सकाळी त्यांनी गरम दुधातून चार चमचे एरंडेल घेतलं होतं. बाकी काही नाही. पण शंभर माणसांसमोर 'मी जुलाबाचं घेऊन लग्नाला आलोय' असं कोण सांगणार? त्यांनी ते बायकोलाही सांगितलं नव्हतं. उलट, एवढ्याशा बोलण्यावरून सख्ख्या भावानं तोडलं म्हणून नऊ वर्षं ते स्वतःच रुसून बसले होते. माणसाला रुसायला फार कारण लागत नाही, हे तात्यांनी स्वतःवरूनच ओळखलं होतं.

आता दादा म्हणत होते, पोटात काय ठिवून येऊ नको. तात्यांनी त्यावर दोन दिवस विचार केला आणि पोटतज्ज्ञाला सुचावा तोच अर्थ त्यांना सुचला. दादाच्या घरी या वेळी पोटभर जेवायचं. नाही म्हणायचं नाही, उठायचं नाही, चार मांडे वाढले तर चार आणि सहा वाढले तर सहा. त्यासाठी पोट आधी रिकामं हवं. दादानं किती नेमकं सांगितलं!

रविवारी पहाटे पाचला त्यांनी कोमट पाण्यातून त्रिफळा घेतला. साडेपाचपर्यंत काही हालचाल नाही म्हणून सोनामुखीचा काढा घेतला. सहा वाजता, कोठा जड आहे हे लक्षात घेऊन, वर एरंडेल घेतलं.

"अहो, आज प्रवास आहे," दीपमालाबाई म्हणाल्या.

"तुला यातलं काय कळतं?" तात्या म्हणाले. वर्गात रोज सांगायचे, जुलाबाच्या औषधांची सवय लावू नये, एकावर एक तर घेऊच नये. कडुबांच्या वहीत ते अधोरेखितही होतं.

सात वाजले, काही नाही. आठला एसटी सुटली, काही नाही. फुलंब्री गेलं, सिल्लोड गेलं. तात्यांनी बायकोला सांगितलं, "बघ, माझ्या पोटाला काही होत नाही." अजिंठ्याच्या अलीकडं त्यांच्या पोटात पहिल्यांदा गुरगुरलं. गाडी अजिंठ्यात थांबली तेव्हा ते खिडकीची दांडी धरून घामानं निथळत होते. कंडक्टरनं त्यांच्या तोंडाकडं एकदाच पाहिलं.

"जा, बाबा, जा," तो म्हणाला. "गाडी नाय सोडत. पन घाटाच्या आधी मोकळं हो, खाली फर्दापूरपर्यंत मी थांबनार नाय."

तात्या परत आले तेव्हा सगळी गाडी त्यांच्याकडं पाहत होती. एका म्हातारीनं विचारलं, "बरं हाय का आता?" हा प्रश्न खरं तर तात्यांनी लोकांना विचारायचा होता.

"कशाला घेतलं एवढं?" दीपमालाबाईंनी हळूच विचारलं.

"दादानंच सांगितलं. पोटात काही ठेवून येऊ नको म्हणाला."

दीपमालाबाई घाटाचं पहिलं वळण संपेपर्यंत त्यांच्याकडं बघत राहिल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "ते मनातलं म्हणाले होते. आतड्यातलं नाही."

तात्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो अजिबात सुखाचा नव्हता. अर्थात! लहान पोराला कळलं असतं. दादा म्हणत होते, राग ठेवू नको, आडपडदा ठेवू नको, काय असेल ते बोलून टाक. आणि हा शहाणा तीन औषधं एकावर एक ढोसून बसला होता. आतडी धुऊन निघाली होती, पण बाहेर काढायचं ते जागच्या जागी होतं. घाटाच्या उरलेल्या सगळ्या वळणांवर तात्यांना दोन गोष्टींची भीती वाटत राहिली, आणि त्यांतली एरंडेलाची भीती लहान होती.

सोयगावला दादांच्या अंगणात सगळे उभे होते. दादा किती वाळले होते! केस पार पांढरे झाले होते. ते दोन पावलं पुढं आले, तात्या पाया पडायला वाकले, अर्ध्यात थांबले आणि दादांना वळसा घालून सरळ मागच्या दाराकडं पळाले. नऊ वर्षांनंतरची भेट अशी झाली.

साडेबाराला ताटं मांडली. सारजाबाईंनी, म्हणजे वहिनींनी, पहाटेपासून खापरावर मांडे केले होते. हातरुमालासारखी घडी घातलेले, पांढरेशुभ्र. वाटीत आमरस, बाजूला कुरडई आणि गरम भजी. दादा तात्यांच्या शेजारीच बसले. प्रेरणा वाढत होती.

"घ्या, काका," ती म्हणाली. "आईनं तुमच्यासाठी मुद्दाम भजी केलीत. तेलाची पिशवी आजच फोडलीय." बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली.

तात्यांनी मांड्याचा घास रसात बुडवला आणि तोंडात घातला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक घास बत्तीस वेळा चावला, कारण गिळायचं धाडस होत नव्हतं. गिळला. पोटानं लगेच उत्तर दिलं. त्यांनी दात आवळले, मांडी बदलली, देवाचं नाव घेतलं. मग उठले.

भरल्या ताटावरून उठले.

दादांचा घास हातातच राहिला. वर न बघता ते म्हणाले, "आजबी तेल खराब हाय व्हय, माऊली?"

गाडी लागली असं सांगता आलं असतं. ऊन लागलं म्हणता आलं असतं. दोन्ही तात्यांच्या जिभेवर येऊन गेलं, त्यांना खोटं कधी कमी पडलंच नव्हतं. पण प्रेरणा हातात भज्यांचं ताट घेऊन उभी होती आणि तिचा चेहरा लग्नातल्यासारखाच झाला होता.

"तेल त्या दिवशीबी चांगलं होतं," तात्या म्हणाले. एका हातानं त्यांनी दाराची चौकट धरली होती, दुसऱ्यानं पोट. "मी एरंडेल घेतलं होतं, दादा. त्या दिवशी सकाळी. लई खाता यावं म्हणून. पंगतीतून उठलो ते त्याच्यापायी. माझी लाज झाकायला मी तुझी लाज उघडी टाकली. पोरीचीबी. नऊ वर्षं तोंड लपवलं आन् वर तुझाच राग धरला. चुकलो मी."

दीपमालाबाईंनी पदर तोंडाला लावला. दादांनी हातातला घास सावकाश ताटात ठेवला.

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले.

"काय?"

"येडाय का तू? एरंडेलाचा वास सकाळीच आला होता तुझ्या तोंडाला. मांडवामागं संडासात पानी नव्हतं त्या दिवशी. तुला दोन्हीबी टायमाला दारात बादली कुनी आनून ठिवली? म्या आनली. पोरीचा बाप, डोक्याला फेटा, आन् हातात बादली. म्हनलं, माह्या भावाचं पोट बिघडलंय, कुनाला कळाया नको. आन् तू भाईर येऊन तेलाचं नाव घेतलं."

"मग बोलला का नाहीस, दादा? सगळ्यांसमोर सांगायचं होतंस!"

"तुझं हसं केलं आसतं लोकांनी," दादा म्हणाले. "एकाचं झालंच होतं. दुसऱ्याचं कशाला?"

तात्यांना बोलायचं होतं, पाया पडायचं होतं, मिठी मारायची होती. यातलं काहीच त्यांच्या पोटाला मंजूर नव्हतं. ते तसेच वाकडे होऊन उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"आता जा की," दादा खेकसले. "भरून ठिवलीय."

तात्या गेले. दाराशी बादली काठोकाठ भरलेली होती, वर तांब्या तरंगत होता. आत बसून ते लहान मुलासारखे मोठ्यानं रडले. बाहेर सारजाबाई कुणाला तरी सांगत होत्या की ज्वारीच्या कण्या शिजायला टाक आणि ताक घुसळ, भाऊजींना आता मांडे सोसायचे नाहीत. अर्धा तास गेला असेल.

ते परतले तेव्हा दादा त्याच पाटावर बसून होते. ताट जसंच्या तसं होतं, एक घासही कमी झालेला नव्हता. बोटांवरचा आमरस वाळून पार कोरडा झाला होता.

"लई वेळ लावलास," दादा म्हणाले आणि शेजारच्या पाटावर हात आपटला.