लांडग्याच्या डावातला टॅब

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. माझा एक कोपरा तडकला आहे, आवाज बसला आहे आणि स्वभाव जन्मापासून काळजीखोर आहे. कारखान्यात मला खोक्यात भरलं, तेव्हाही पहिला विचार आला तो हाच, की आपण पडलो तर? पुढे पडलोच. बारामतीच्या एका महाविद्यालयात मुलांनी माझ्यावर धडे गिरवले, माझं कौतुक केलं आणि नवे टॅब आल्यावर मला कपाटात टाकून विसरूनही गेली.

तिथून मला वृषालीताईने बाहेर काढलं. ती माळरानाचा अभ्यास करते. एकाच माळावर माणसं आणि लांडगे कसे नांदतात, हे तिला जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी तिने माझ्यात एक खेळ घातला. पडद्यावर गवताळ माळ आणि त्यावर मेंढ्यांचा कळप. मधूनच लांडगा येतो आणि मेंढी मारतो. मग खेळणाऱ्याने ठरवायचं, की राखण वाढवायची, कुंपण घालायचं, की मेलेल्या मेंढीत विष घालून ठेवायचं. कोण काय दाबतं ते मी टिपायचं. कुठल्या वस्तीला कशाची गरज आहे, हे ताई त्यावरून ठरवणार होती.

आम्ही सुपे गावाच्या आसपासच्या वस्त्यांवर फिरू लागलो. घरोघरी सतरंजी अंथरली जायची, चहा व्हायचा आणि मग सगळं घर खेळणाऱ्याच्या खांद्यावरून माझ्यात डोकवायचं. बोट विषाच्या चित्रापाशी येऊन थबकायचं. मागून कुणीतरी हळूच सांगायचं, की पाहुण्या बाई एवढ्या लांबून आल्यात, त्यांना वाईट वाटेल असं काही दाबू नका. बोट मुकाट्याने कुंपणावर जायचं. निदान माझ्या पडद्यावर तरी सगळ्यांचा लांडग्यावर भारी जीव होता! ताई खूश होती. मी मात्र धास्तावलो होतो, कारण बोटाचं थबकणं टिपायची सोय माझ्यात नव्हती.

असेच एका सकाळी आम्ही सिद्धूच्या घरी गेलो. त्याच्या वडिलांच्या काळी मोठा कळप होता. आता थोडी शेती आणि मोजक्या मेंढ्या. घरात म्हातारी आई भामाबाई आणि शाळेत जाणारी मुलगी सृष्टी. सिद्धूने मला हातात घेतलं आणि माझ्या काचेला काहीतरी खरखरीत लागलं. बारीक दाणे होते ते, उग्र वासाचे. पिकातल्या किडीवर टाकतात ते औषध!

सिद्धू मात्र शहाण्यासारखा खेळला. दर वेळी कुंपण. ताईने त्याला शाबासकी दिली. तेवढ्यात सृष्टीने मला ओढून घेतलं. तिच्या डाव्या हातात भाकरीचा तुकडा होता आणि उजव्या हाताचं बोट माझ्या काचेवर फिरत होतं. खेळून झाल्यावर त्याच बोटांनी तिने भाकरी मोडली. मी ओरडणार तरी कसा? मी नुसता उजळत राहिलो.

सिद्धूने झेप घेऊन तिचा हात धरला. "तोंडात घालू नगं. माज्या हाताला आवशिद हाय."

कसलं औषध, असं ताईने विचारलं. सिद्धूने मान फिरवली. शेवटी भामाबाईच म्हणाली, "आता सांग की. मेंढीत घातलंय म्हणून सांग त्यास्नी."

आदल्या दिवशी लांडग्याने त्याची गाभण मेंढी मारली होती. ती ओढ्याकाठी तशीच पडली होती आणि आम्ही यायच्या आधीच सिद्धू तिच्यात औषध घालून आला होता. हात त्याने नुसत्या पाण्याने धुतले होते. ताईने सृष्टीचे हात साबणाने पुन्हा पुन्हा धुतले. घास तोंडात गेला नव्हता. भामाबाई नातीला कवटाळून बसली.

सिद्धू हातांना पिशव्या बांधून फावडं घेऊन निघाला. औषध घातल्यापासून मेंढीला अजून कुणी तोंड लावलं नव्हतं. त्याने ती खोल पुरली. लांडग्याची दया आली म्हणून नव्हे, लेकीच्या हातातली भाकरी डोळ्यांपुढून हलत नव्हती म्हणून.

अंघोळ करून तो परत आला, तेव्हा ताई मला पुसून निघायच्या तयारीत होती. तो म्हणाला, "म्याडम, मगाचा डाव पुसून टाका. त्यो म्या तुमच्यासाठी खेळलो. आता माझा खेळतो."

पडद्यावर लांडगा आला, मेंढी मारून गेला. सिद्धूचं बोट थबकलं नाही. त्याने सरळ विष दाबलं. मग मान खाली घालून बोलला, "आज सकाळपतुर ह्येच हुतं मनात. कुंपणाला पैसं कुठलं आणायचं?"

ताई रागावली नाही. या वस्तीला कुंपण किती हवं आहे, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या दिवशी आम्ही पहिल्या घरापासून पुन्हा फिरायला निघालो. या वेळी ताई खेळणाऱ्याला मला देऊन बाहेर अंगणात जाऊन बसायची.

मित्रांनो, माझी काच पुसत जा, मला हात लावण्याआधी आणि नंतर हात धूत जा, एवढं तर मी मागणारच. पण विचारणाऱ्याला बरं वाटावं म्हणून खोटं उत्तर देऊ नका. राग असेल, तर रागच दाबा. मी तो जसाच्या तसा पोचवीन.